दोन बोटे माया

संपादकांचे पत्र श्रावणातच आले. ‘यंदा आपण जे वाचले, ऐकले, पाहिले, त्यांतले आमच्या वाचकांना काय सुचवाल? मनमोकळे लिहावे.’ पत्र वाचून मला प्रथम हसू आले. शिफारस करण्याचे काम माझ्याकडे यावे, ही मौजच म्हणायची! आजवर माझी शिफारस कोणी केल्याचे मला स्मरत नाही. मी मॅट्रिक झालो (दहावीला आमच्या घरी अजूनही मॅट्रिकच म्हणतात) आणि चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन नोकरीच्या शोधात निघालो, तेव्हा पहिल्याच शाळेत मला विचारले गेले, ‘चिठ्ठी कोणाची आणलीत?’ मी चिठ्ठी आणली नव्हती. चित्रांची वळकटी आणली होती. ती कोणी उघडूनसुद्धा पाहिली नाही. पुढे दुसऱ्या एका शाळेत चिकटलो. तेथे आजही मुलांना फुलदाणी नि तिची सावली काढायला शिकवतो. मध्यंतरी दोन कादंबऱ्या लिहून झाल्या. त्यांचीही शिफारस कोणी केली नाही. पण ते दुःख येथे नको.

तरी शिफारशींचा दुष्काळ आहे असे मात्र नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत डब्यातल्या भाजीच्या जोडीला त्याच वाढल्या जातात. गणिताच्या बाई कोरियातल्या मालिका सुचवतात. शास्त्राचे सर मोबाइलवरची व्याख्याने सुचवतात, आणि ती आपण ऐकली नाहीत हे त्यांना कसे कोण जाणे, आपल्या चेहऱ्यावरून कळते. माझा पुण्याचा मेहुणा दर रविवारी फोनवर एक चित्रपट नेमून देतो नि पुढच्या रविवारी त्याची परीक्षा घेतो. मी या साऱ्यांचा ऋणी आहे. मेहुण्याने मागे लागून लागून बघायला लावला म्हणूनच तर ‘पथेर पांचाली’ यंदा मी नीट, अथपासून इतिपर्यंत पाहिला. १९५५ चा चित्रपट. त्याच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका आगीत होरपळल्या होत्या. वाचलेल्या फिती इटलीतल्या बोलोन्याला नेऊन तिथल्या कारागिरांनी त्या सांधल्या, जिथे फीत उरलीच नव्हती तिथे दुसऱ्या प्रतींतून भर घातली, आणि २०१५ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला. माझी मुलगी शेजारी बसून पाहत होती. दुर्गा तापाने फणफणते तिथे ती उठली, स्वयंपाकघरात गेली, सगळी भांडी घासून मग बाहेर आली. यापेक्षा वेगळी शिफारस मला करता येणार नाही.

असे दूरचे आपल्याला कोणी ना कोणी आणून देते. फसगत होते ती जवळच्याची.

२०२५ च्या ११ फेब्रुवारीला रा. रं. बोराडे गेले. लातूरकडच्या काटगावचा हा माणूस आमच्या गावचाच होऊन राहिला होता. देवगिरी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षही झाले होते. मी त्यांना कितीतरी कार्यक्रमांत पाहिले. एकदा तर त्यांच्या मागच्याच खुर्चीवर बसून दीड तास त्यांच्या मानेकडे पाहत होतो, आणि मनात म्हणत होतो की यांचे ‘पाचोळा’ वाचायचे राहिले आहे, या उन्हाळ्यात वाचू. असे किती उन्हाळे गेले! पुस्तक १९७१ चे; माझ्याहून वयाने मोठे. ते मी विकत घेतले, ते त्यांच्या निधनाची बातमी वाचल्यावर, तिसऱ्या दिवशी. दुकानदाराने ते काढून देताना सहज विचारले, ‘शाळेसाठी का?’ मी ‘हो’ म्हणालो. स्वतःसाठी म्हणायचे धैर्य झाले नाही.

दोन रात्रींत संपवले. एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची पडझड आहे, आणि ती सांगते शिंप्याची बायको, आपल्या मराठवाड्याच्या बोलीत, चुलीपुढे बसून सांगावी तशी. कुठे गळा काढत नाही, कुठे लेखक मधे येऊन आपल्या खांद्यावर हात ठेवत नाही. ती बोलत जाते नि घर खचत जाते. कादंबरीकार म्हणून मला तिचा हेवा वाटला हे खरे. पण हेव्याहून वाईट असे दुसरेच काही त्या रात्री माझ्या डोक्यात शिरले, आणि त्यासाठी मला आमच्या शाळेच्या गणवेशाची गोष्ट सांगितली पाहिजे.

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यामागे एका बोळात एक म्हातारे टेलरमास्तर बसतात. दुकान म्हणजे एक पायमशीन, एक कटिंगचे टेबल आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या मापांच्या वह्या. ते मला ‘सर’ म्हणतात, मी त्यांना ‘चाचा’ म्हणतो. पंधरा-सोळा वर्षे आमच्या शाळेची निम्मी मुले त्यांच्याकडे कपडे शिवत. आकाशी चौकड्यांचे कापड पालक आणून टाकायचे, मास्तर माप घ्यायचे, आणि पोराकडे एकवार पाहून मनाशी ठरवायचे की हे उभे वाढणार की आडवे. त्या हिशेबाने शिवणीत आणि खालच्या दुमडीत ते कापड राखून ठेवत. माझी आई याला ‘माया’ म्हणायची. ‘शिंप्याला सांग, दोन बोटे माया सोड.’ चाचा त्याला मार्जिन म्हणतात. शब्द कोणताही असो, जूनमध्ये शिवलेली चड्डी पुढच्या जूनला उसवून खाली सोडता येई, आणि आईबापांचा एक वर्षाचा खर्च वाचे.

२०२२ मध्ये शाळेने ठरवले की यापुढे गणवेश तयारच घ्यायचा, एका कंत्राटदाराकडून. सगळ्या मुलांचा एकसारखा दिसेल, पालकांची धावपळ वाचेल. त्यासाठी एक समिती झाली. मुख्याध्यापक, दोन पालक, आणि रंगातले कळते म्हणून मी. मी नमुन्यांची पट्टी पुढे घेऊन चांगला तासभर बसलो. आकाशी जुनाट वाटतो म्हणालो. राखाडीवर गडद लाल पट्टी सुचवली, आणि ती मान्य झाली तेव्हा मला फार बरे वाटले. शाळेत माझे म्हणणे पहिल्यांदाच कोणी मानले होते. खाली सही केली. त्या ठरावात शहागंजच्या बोळातले एक दुकान होते, हे मला सही करताना दिसले नाही. दिसले असते तरी मी केली नसती असे आज छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

त्यानंतर मी त्या बोळातून जायचे टाळू लागलो, असे म्हटले तर फार सभ्य वाटेल. खरे असे, की मला तिथे जायचे कारणच उरले नाही.

‘पाचोळा’ संपवले आणि चार दिवसांनी ते पिशवीत घालून मी चाचांकडे गेलो. का गेलो, ते मी अजून स्वतःला विचारतो आहे. माफी मागायला म्हणावे, तर माफी मागितली नाही. मी फक्त म्हणालो, ‘चाचा, एक किताब लाया हूँ. दर्जी की कहानी है. अपने इधर की है.’ त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पुस्तक उलटेपालटे केले. मराठी ते बोलतात उत्तम, पण वाचायला अडखळतात. म्हणाले, ‘रखो. पोती पढ़ के सुनाएगी.’

पोती म्हणजे नात. ती आमच्याच शाळेत आठवीत आहे. त्या वेळी ती दुकानाच्या पायरीवर बसून काजांचे दोरे कापत होती, अंगावर राखाडी गणवेश, बाहीला गडद लाल पट्टी. मी तिच्याकडे पाहून हसलो आणि निघालो. बोळाच्या तोंडाशी आलो तेव्हा जाणवले की मी एका बुडत्या माणसाला पाण्याचे वर्णन वाचायला देऊन आलो आहे.

महिना गेला, दीड महिना गेला, पुस्तकाचा पत्ता नाही. मागायला जायची हिंमत नाही. मधे उन्हाळ्याची सुट्टी आली, ती उलटली, पाऊस लागला.

ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन अजिंठ्याला गेलो. पाहण्यासारखे काय, असे संपादक विचारतात म्हणून सांगतो: अजिंठा दुसऱ्यांदा पाहा. पहिल्यांदा आपण अजिंठा पाहिला असे सांगण्यासाठी पाहतो. शंभरएक किलोमीटरवर राहून आम्ही गावकरी तो पाहुण्यांसाठी राखून ठेवतो; दिल्लीचे कोणी आले की त्यांच्याबरोबर जातो, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर मान हलवतो नि वाघूर नदीच्या काठाने परत येतो. दुसऱ्यांदा जाल तेव्हा सगळी लेणी करू नका. एक भिंत धरा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ द्या, कारण तिथे उजेड जपून दिलेला आहे. आणि जाण्यापूर्वी रॉबर्ट गिलची गोष्ट ठाऊक असू द्या. मद्रासच्या फौजेतला हा इंग्रज अधिकारी १८४० च्या दशकात चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षे इथेच राहिला. त्याच्या मोठमोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. (लंडनला काही पाठवताना माणसाने विचार करावा.) गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे.

मी मुलांना घेऊन सतराव्या लेण्यात बसलो. तिथे विश्वंतर जातक आहे. दान देण्यावाचून ज्याला चैन पडत नाही असा राजपुत्र. राज्याचा हत्ती दान देतो म्हणून त्याला वनवास होतो, वनवासात तो रथ देतो, घोडे देतो, शेवटी मागायला आलेल्या ब्राह्मणाला आपली दोन लेकरेही देऊन टाकतो. मी रंगात येऊन त्यागाची महती सांगत होतो. सातवीतला एक पोरगा, ज्याला मी वर्षभर ‘तुझे लक्ष नसते’ म्हणून ओरडतो, मान वर करून म्हणाला, ‘सर, पोरांना इचारलं हुतं का त्यानं?’

बाकीची मुले हसली. मी ‘पुढे चला’ म्हणालो.

परतताना बसमध्ये कोणीतरी लक्ष्मण देशपांड्यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मोबाइलवर लावले. एक माणूस, बावन्न पात्रे. देशपांडे आमच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवायचे. २००९ मध्ये गेले. बस सिल्लोडपर्यंत हसत होती, मीही हसलो, पण त्या पोराचा प्रश्न काही बसमधून उतरला नाही. देशपांड्यांना ऐका, एवढेच इथे सांगतो. हसण्याच्या गोष्टीची फोड केली की ती मरते.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी शहागंजला गेलो. पुस्तक परत मागायला नव्हे. काय बोलायचे ते वाटेत चारदा जुळवले होते. पण दुकानाशी पोचलो तर चाचा मशीन बंद ठेवून, मोबाइल कानाशी लावल्यासारखा धरून डोळे मिटून बसले होते. मला पाहून त्यांनी बोटाने बसायची खूण केली. आबिदा परवीन गात होत्या. उर्दू मला बेताचे कळते. अर्धे शब्द हातून निसटत होते. पण तो आवाज एकेका शब्दापाशी असा थांबत होता, जसा शिंपी दोरा ओवताना सुईच्या नाकाशी थांबतो. गाणे संपल्यावर मी विचारले, ‘चाचा, किसका है?’

‘सिराज का.’

‘कौन सिराज?’

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे असे पाहिले, की मला माझ्या दोन्ही कादंबऱ्यांची लाज वाटली. ‘क्या सर! अपने गाँव का शायर, और तुमकू मालूमच नै?’

नव्हते मालूम. सिराज औरंगाबादी हे नाव शाळेत कोणी घेतले नव्हते, आणि मी विचारले नव्हते. गावाची पाटी आता बदलली आहे, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पण कवीच्या नावाला चिकटलेले गाव तसेच राहिले आहे. अठराव्या शतकातला हा माणूस. ऐन पोरवयात त्याच्यावर उन्माद चढला आणि खुलताबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती तो भान हरपून फिरत असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे सूफी झाला, आणि आपल्या गुरूच्या सांगण्यावरून त्याने कविता लिहिणे सोडून दिले. जी गझल मी ऐकली तिच्यात माणसाचे स्वतःचे असे काहीच शिल्लक राहत नाही, आणि त्याचे त्याला दुःखही नाही. सिराजच्या आधी वली, तोही इथलाच. वलीचा दिवाण १७२० मध्ये दिल्लीला पोचला आणि तिथल्या फारसीत लिहिणाऱ्या कवींना कळले की आपल्या बोलीतही गझल लिहिता येते. दख्खनची बोली दिल्लीला शिकवायला गेली होती! आणि चाचांच्या ‘मालूमच’मधला तो ‘च’? तो तर निखालस आपला, मराठीचा. मी चोवीस वर्षे या गावात मराठी लिहितो आहे नि तो शेजारच्या बोळात जाऊन राहिला आहे, याचा मला पत्ता नव्हता. आमच्याच गावात पिढ्यान्‌पिढ्यांना गाणे शिकवणारे नाथराव नेरळकर २०२१ मध्ये गेले. त्यांनाही मी समोर बसून एकदाच ऐकले. ही यादी लांबवण्यात अर्थ नाही. सिराज ऐका. आबिदा परवीन यांचाच ऐका, रात्री, कानात काही न घालता, खोलीत आवाज भरू द्या. शब्द कळले नाहीत तर दुसऱ्या दिवशी कोणालातरी विचारायला जा. त्या विचारण्याने निम्मे काम होते.

मग चाचांनी टेबलाखालून पुस्तक काढले.

त्याला कापडाचे आवरण शिवलेले होते. आकाशी चौकड्यांचे, आमच्या जुन्या गणवेशाचे. कडा मशीनने मारलेल्या, कोपरे हाताने तुरपलेले, आणि पाठीवर पुस्तक उघडावे म्हणून थोडे कापड सैल सोडलेले. मी ते हातात घेऊन गप्प बसलो.

‘पढ़े चाचा?’ मी शेवटी विचारले.

‘सुने. दो बार.’ ते मशीनच्या चाकावर हात ठेवून बोलू लागले. ‘अच्छा किया, औरत के मुँह से बुलवाया. आदमी खुद बोलता तो झूट बोलता. मैं नै बोलता क्या? कोई पूछा तो बोलता, काम है, चल रहा है.’ जरा थांबून म्हणाले, ‘मेरी वाली को जा के ग्यारह साल हुए. वो रहती तो वो बोलती बराबर.’

वाटेत जुळवलेली वाक्ये मी काढू लागलो. गणवेश, समिती, त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही, वगैरे. ‘चाचा, वो जो स्कूल का कपड़ा बदला ना...’ इथपर्यंत आलो आणि माझी हिंदी संपली.

‘मालूम है,’ ते म्हणाले. ‘पोती बोली थी तभीच. रंग हमारे सर ने चुना करके. बहुत खुश थी.’ त्यांनी पायरीवर वाळत घातलेला तिचा राखाडी गणवेश ओढून घेतला, खालची दुमड उलटी करून माझ्यासमोर धरली. शिवण अगदी काठाला होती. आत बोटभरसुद्धा कापड नव्हते. ‘रंग अच्छा है सर. मगर ये देखो. बच्ची बढ़ेगी तो किधर से निकालना?’

मी काय बोलणार? बराच वेळ ती दुमड हातात धरून बसलो. मग त्यांनी चहा मागवला. चहा पिताना बोराड्यांचे आणखी काय आहे, ते त्यांनी विचारून घेतले.

त्यानंतर शाळेत मी एक अर्ज दिला आहे. गणवेश तयारच घ्यायचा असेल तर घ्यावा, पण कंत्राटात शिवणीला दोन बोटे माया सोडण्याची अट घालावी. आणि उसवून सोडण्याचे, दुरुस्तीचे काम गावातल्या शिंप्यांना मिळावे. अर्ज विचाराधीन आहे. कार्यालयातल्या बाईंनी तो वाचून मला विचारले, ‘सर, माया म्हणजे?’ त्यांना मी ‘पाचोळा’ वाचायला दिले आहे. आवरण मळवू नका असे बजावले आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी परत द्या म्हणून सांगितले आहे, कारण त्यांच्यानंतर सातवीतला तो पोरगा रांगेत उभा आहे.